शिकवणार कोण, ते आधी दाखवा

नवी मुंबईत आमच्या रबाळ्याच्या कारखान्यात चार अप्रेंटिस घ्यायचे, त्यांना रोजच्या कामात एआय वापरायला शिकवायचं आणि ते शिकवणारी संस्था शोधायची, हे काम २०२४च्या जानेवारीत माझ्याकडे आलं. मी तिथे प्लॅनिंग आणि ट्रेनिंग बघतो. पॅकिंग मशिन आणि त्यांचे सुटे भाग बनवणं हा आमचा धंदा. कायम आणि कंत्राटी मिळून माणसं १५२. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "मार्चअखेर संस्था ठरवून टाका." मी हो म्हणालो. प्रत्यक्षात ठरवायला जुलै उजाडला. त्या सहा महिन्यांत जे बघितलं ते लिहून ठेवतोय, कारण दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या पट्ट्यात आज हेच काम कुणा ना कुणाच्या टेबलावर येऊन पडलेलं असणार.

मी स्वतः अप्रेंटिस होतो. आयटीआयला फिटर केलं आणि १९९५ मध्ये ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत वर्षभर राहिलो. तेव्हा ठाण्याहून या बाजूला लोकल नव्हती, ती २००४ मध्ये सुरू झाली. आम्ही बसच्या दांड्याला लटकून यायचो. त्या वर्षाची माझी डायरी अजून कपाटात आहे. रोज काय काम केलं ते लिहायचं, शेजारी जॉबचं स्केच काढायचं, आठवड्याने फोरमननी सही करायची, अशी पद्धत होती. पहिल्या दोन महिन्यांत पानापानावर एकच ओळ आहे: 'मशिन साफ केले, चिप्स उचलल्या.' तिसऱ्या महिन्यात आमचे फोरमन बदलले. तिथून पुढे स्क्रेपिंग आहे, बेअरिंग बसवणं आहे, मायक्रोमीटरची रीडिंग्ज आहेत, चुकलेल्या जॉबची स्केचं लाल पेनाने आहेत. कंपनी तीच होती, करार तोच होता, मीही तोच होतो. शिकवणारा माणूस बदलला आणि मी फिटर झालो. संस्था शोधायला निघालो तेव्हा ही डायरी माझ्या डोक्यात होती.

आधी नियमांचं थोडं सांगतो, कारण संस्थावाले इथूनच बोलायला सुरुवात करतात. अप्रेंटिस कायदा १९६१चा. २०१९ मध्ये नियम बदलले तेव्हापासून तीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घ्यावेच लागतात; एकूण माणसांच्या अडीच टक्के ते पंधरा टक्के, आणि माणसं मोजताना कंत्राटी धरायची. आमच्यासाठी ती संख्या चार ते बावीस. पाच फिटर-टर्नर अप्रेंटिस आमच्याकडे होतेच, त्यामुळे सक्तीचा प्रश्न नव्हता. एआयचे चार साहेबांना खरोखरच हवे होते. कोटेशन बनवायला लागणारा वेळ, ग्राहकांच्या पर्चेस ऑर्डर वाचून सिस्टिममध्ये भरणं, स्टोअरच्या स्लिपा, मशिन बंद पडल्याच्या नोंदी, या चार ठिकाणी माणसं कागदांखाली दबलेली होती.

पहिले आले ते वाशीहून. अप्रेंटिस पुरवणारी मध्यस्थ कंपनी. दोघे जण, टापटीप कपडे, लॅपटॉप. त्यांनी माणसांची संख्या विचारली आणि गणित करून साहेबांना सांगितलं, "सर, तुमच्या अजून सतरा जागा रिकाम्या आहेत." मग फायदे मोजून दाखवले. अप्रेंटिस कामगार धरला जात नाही, त्यामुळे पीएफ नाही, ईएसआय नाही. स्टायपेंडमधला पंचवीस टक्के वाटा, जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. वर्ष संपलं की कायम करायचं बंधन नाही. शिकवण्याची फी शून्य. दर डोई दरमहा सर्व्हिस चार्ज तेवढा. "आणि शिकवणार काय?" मी विचारलं. "ऑन द जॉब शिकतील ना सर, तुमच्याकडेच. आमचे व्हिडिओ आहेत, मोबाइलवर बघतील."

त्यांनी सांगितलेलं एकही कलम खोटं नव्हतं, आणि मला त्याचाच राग आला. कायद्याने अप्रेंटिसला कामगार मानलं नाही, कारण तो शिकायला आलेला असतो. शिकवणं काढून घेतलं की मागे उरतो तो फक्त स्वस्तातला माणूस. ते गेल्यावर साहेब कागदावर सतराचा आकडा गोल करत बसले होते. मी म्हणालो, "साहेब, सतरा पोरं घेतली तर त्यांच्यामागे उभी राहायला सतरा तास रोज कुणाकडे आहेत? माझ्याकडे नाहीत. फोरमनकडे नाहीत." साहेब काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चारच जागांची मंजुरी सही करून पाठवली. धंद्यातला माणूस आहे, पण मुळात टूलरूममधून वर आलेला, त्यामुळे पटलं असावं. स्टायपेंडही त्यांनी १२,००० धरला. पदवीधराला तेव्हाच्या नियमाने किमान ९,००० द्यावे लागत होते.

पुण्याची एक संस्था फक्त ऑनलाइन शिकवायची. तिचं मी एका फोनवर संपवलं. मुलांकडून पंचवीस हजार डिपॉझिट घेणारी आणखी एक होती, तिला फोनसुद्धा केला नाही. शिकायला येणाऱ्याकडून पैसे घेऊन त्याला अप्रेंटिस म्हणायचं, हे माझ्या बुद्धीला पटत नाही.

मग एक संस्था आली जिचं पत्रक मला खरंच आवडलं होतं. वर्षभराचा कार्यक्रम, आठवड्यावार विषय, शेवटी सरकारी प्रमाणपत्र. वर मोठ्या अक्षरांत 'एआय असोसिएट'. मी म्हटलं, हा कोर्स सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर कुठल्या नावाने आणि कुठल्या कोडने आहे ते द्या. अप्रेंटिसचा करार कंपनी आणि मुलगा यांच्यात होतो, तो याच पोर्टलवर नोंदवला जातो, आणि त्यावर जे कोर्सचं नाव असतं तेच पुढे प्रमाणपत्रावर येतं. पत्रकाला तिथे किंमत नाही. त्यांनी दोन आठवडे टाळाटाळ केली. तिसऱ्या फोनला कोड मिळाला. रात्री घरी बसून पोर्टलवर टाकला तर समोर आलं: डोमेस्टिक डेटा एन्ट्री ऑपरेटर. बायको शेजारी बसली होती, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे वर्षभर एआय शिकून पोराच्या हातात टायपिंगचा कागद?" अगदी तेच. डेटा एन्ट्रीला मी कमी लेखत नाही, पण एका नावाने बोलवायचं आणि दुसऱ्या नावाचं प्रमाणपत्र द्यायचं, यात त्या मुलाचं एक वर्ष जातं. ते वर्ष त्याला कुणी परत देत नाही.

त्यानंतर मी प्रत्येकाकडे पहिल्याच फोनला कोर्सचा कोड मागायला लागलो. तीन जणांनी पुन्हा फोन केला नाही.

एप्रिलमध्ये वागळे इस्टेटला, आयटीआयच्या एका जुन्या निदेशकांना भेटलो. आता निवृत्त आहेत. त्यांच्याकडून कळलं की आयटीआयमध्येही आता 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स प्रोग्रामिंग असिस्टंट' नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. कॉम्प्युटर ऑपरेटरचा जुना ट्रेड 'कोपा', त्याच्या पुढचं पाऊल म्हणा. पण आम्हाला मुलं कारखान्यात हवी होती, म्हणून ते तिथेच राहिलं. मी त्यांना सगळ्या संस्थांची फाइल दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, पानं चाळली आणि विचारलं, "यांच्या जुन्या पोरांच्या डायऱ्या बघितल्यास का?" मला माझीच डायरी आठवली आणि इतके दिवस हे सुचलं कसं नाही याचं वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी एकच मागणी धरली. तुमच्याकडून शिकून गेलेल्या किंवा आत्ता शिकत असलेल्या एखाद्या अप्रेंटिसची रोजच्या कामाची नोंद दाखवा. नाव झाका, कंपनीचं नाव झाका, पण पानं दाखवा. ऐरोलीच्या काचेच्या इमारतीत बसणाऱ्या एका मोठ्या संस्थेने हजेरीचा तक्ता पाठवला, रंगीत, टक्क्यांसकट. हजेरीवरून पोरगा आला एवढंच कळतं. नौपाड्यात दोन खोल्यांत चालणाऱ्या एका लहान संस्थेच्या मॅडम मात्र स्वतः तीन वह्या घेऊन आल्या. त्या आधी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायच्या. एका वहीत भिवंडीच्या गोदामातला मुलगा लिहितो: 'आज मशिनने सात बिलांपैकी दोन चुकीची वाचली. कारण शिक्का आकड्यावर पडला होता. शिक्का बाजूला मारायला सांगितले. हमाल म्हणाला जागाच नाही.' खाली मॅडमची लाल शाईतली नोंद: 'बिलाचा नमुना आण, जागा कुठे करता येईल बघू.'

ते पान मी दोनदा वाचलं. शिकवणारी बाई गोदामातल्या शिक्क्यापर्यंत पोचली होती.

पण नुसत्या वहीवर निर्णय घेणं बरोबर नव्हतं. काचेच्या इमारतीवाल्यांकडे माणसं जास्त, लॅब मोठी, आणि साहेबांचा ओढा तिकडे होता. त्यांची फी एका मुलामागे ४२,०००, मॅडमची १८,०००. साहेबांना वाटत होतं, स्वस्त आहे म्हणजे काहीतरी कमी असणार. म्हणून मी सुचवलं की दोघांनी आमच्याकडे येऊन अर्धा अर्धा दिवस शिकवून दाखवावं, आणि जो वर्षभर शिकवणार आहे त्यानेच यावं. अप्रेंटिसच्या मुलाखतीला निवडलेले आठ जण होते, त्यांनाच विद्यार्थी म्हणून बसवायचं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हे ठरलं.

काचेच्या इमारतीवाल्यांकडून आधी भेटलेले गृहस्थ आले नाहीत. आला एक तरुण मुलगा, नुकताच लागलेला, हुशार आणि घाबरलेला. त्याने प्रोजेक्टर लावला आणि एआय म्हणजे काय, त्याचा इतिहास, त्याचे प्रकार अशा साठ स्लाइड दाखवल्या. मुलं मोबाइलवर फोटो काढत होती. त्याला मी दोष देत नाही, त्याला पाठवणाऱ्यांनी त्याला आमच्याबद्दल काही सांगितलंच नव्हतं. शेवटी प्रात्यक्षिक म्हणून त्याने कॉन्फरन्स रूमच्या टेबलावर पडलेलं एक ड्रॉइंग उचललं, स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढला आणि फुकटच्या एका अ‍ॅपमध्ये टाकायला घेतला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, रिव्हिजन सगळं होतं. मी उठून त्याचा हात धरला. ग्राहकाशी आमचा गुप्ततेचा करार आहे, ते ड्रॉइंग गेटबाहेर न्यायलासुद्धा सही लागते. तो म्हणाला, "सर, सगळेच टाकतात, काही होत नाही." त्या एका वाक्यावर माझ्यापुरता निर्णय झाला. मुलं शिकवणाऱ्याचं बघून शिकतात. ही सवय घेऊन चार मुलं आमच्या ऑफिसात वर्षभर बसली असती.

मॅडम दोन दिवसांनी आल्या. प्रोजेक्टर नको म्हणाल्या. आदल्या दिवशीच फोन करून त्यांनी विचारलं होतं, तुमच्याकडे हाताने लिहिलेला सगळ्यात वाईट कागद कुठला? मी म्हटलं, स्टोअरच्या इश्यू स्लिपा, म्हणजे माल दिल्याच्या चिठ्ठ्या. मग त्यांनी दहा स्लिपा मागवल्या, कागदाच्या पट्ट्या चिकटवून माणसांची नावं झाकली, झेरॉक्स काढली आणि ती झेरॉक्स वाटली. मूळ स्लिपा माझ्या हातात परत दिल्या. हे सगळं त्यांनी मुलांच्या समोर, कारण सांगत सांगत केलं.

आमचं स्टोअर मामा सांभाळतात. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. एकतीस वर्षं झाली, अजून आकडे मराठीत लिहितात. मॅडमनी आधी मुलांना दहाही स्लिपा हाताने टाइप करायला लावल्या आणि घड्याळ लावलं. मग त्याच स्लिपा एआयकडून वाचून घेतल्या. दोन मिनिटांत सुबक तक्ता तयार. मुलं खूश झाली. मॅडम म्हणाल्या, "आता यातली चूक शोधा. आहेच असं नाही. पण शोधा."

बराच वेळ कुणाला काही दिसेना. मग एक मुलगा म्हणाला, चौथ्या स्लिपवर तारीख नाहीये, पण तक्त्यात आहे. खरंच, मामांनी तारीख लिहायची राहिली होती आणि यंत्राने ती आपल्या मनाने भरली होती, तीही शेजारच्या स्लिपांशी जुळेल अशी. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: 'रिकामी जागा रिकामीच राहिली पाहिजे.' तेवढंच. पुढे भाषण नाही.

दुसरी चूक निघायला जास्त वेळ लागला, आणि ती निघताना मी बघितलं म्हणून सविस्तर सांगतो. सातव्या स्लिपवर बेअरिंग ६२०५, नग ९. तक्त्यात आलं होतं नग १. मामांचा ९ आणि १ दोन्हींच्या डोक्याला गाठ, दोन्हींना खाली शेपूट. घाईत लिहिलं की फरक उरतो तो मानेजवळच्या लहानशा वळणाचा. मॅडमनी यंत्राला पुन्हा विचारून दाखवलं, नीट तपासून सांग. उत्तर आलं, होय, नग १, बरोबर आहे. मुलांमध्ये दोन तट पडले. झेरॉक्सकडे बघून ठरवता येईना. कुणीतरी म्हणालं, मामांना विचारू. मॅडम म्हणाल्या, "मामा आज सुटीवर आहेत असं समजा. मग?"

गोठिवलीची एक मुलगी होती, बी.कॉम. झालेली. तिच्या आजोबांची भातशेती होती ती एमआयडीसीत गेली, हे तिने मुलाखतीत सांगितलं होतं; आमचा प्लॉट ज्या भागात आहे तिथेच कुठेतरी. ती उठली आणि मला म्हणाली, "सर, या मालाचं काही खातं असेल ना? किती होता, किती उरला?" मी तिला स्टोअरमध्ये नेलं. मामांनी रॅकवरचं बिन कार्ड काढून दिलं. आधीची शिल्लक १४, नंतरची ५. ती तिथेच उभ्या उभ्या म्हणाली, "नऊ." आणि मामांकडे बघून हसली. मामा म्हणाले, "मग काय एक? एका बेअरिंगसाठी कोण स्लिप फाडतं?"

आमच्या मागून मामाही कॉन्फरन्स रूममध्ये आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्यामुळेच तिसरी गोष्ट घडली. एका स्लिपवर 'झेडझेड' होतं, आणि त्या मालाच्या चलनावर 'टू झेड'. मॅडमनी ही विसंगती म्हणून मुलांना दाखवली. मामा मागून म्हणाले, "ताई, ते एकच आहे. दोन्ही बाजूंना पत्र्याची शील्ड. एक कंपनी असं लिहिते, दुसरी तसं. रबरचं सील असलं की वेगळं." मॅडम थांबल्या. म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं. मामा, पुन्हा एकदा सांगता? लिहून घेते." आणि खरोखर स्वतःच्या वहीत लिहून घेतलं, आणि मुलांनाही लिहायला लावलं. एकतीस वर्षांत ऑफिसातल्या कुणी मामांचं बोलणं वहीत उतरवून घेतलेलं मी बघितलं नव्हतं. मामांनी हात मागे बांधले आणि ताठ उभे राहून सगळं पुन्हा सांगितलं.

साहेब दारात येऊन हा शेवटचा भाग बघून गेले होते. संध्याकाळी त्यांनी एवढंच विचारलं, "या बाई आजारी पडल्या तर?" प्रश्न रास्त होता. लहान संस्थेचा तोच धोका.

म्हणून करार करताना आम्ही त्यावर जास्त वेळ घालवला. शिकवणारी व्यक्ती आमच्या संमतीशिवाय बदलायची नाही. त्यांच्या जोडीला एक सहायक, आणि त्यालाही पहिल्या महिन्यापासून कारखान्यात यायला लावायचं. आठवड्यातला एक दिवस नौपाड्यात वर्ग, बाकीचे दिवस आमच्याकडे काम, आणि पंधरवड्याला एकदा मॅडम आमच्या कारखान्यात. फी तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता मूल्यमापन झाल्यावर. ग्राहकाचा कागद नाव झाकल्याशिवाय कुठल्याही अ‍ॅपमध्ये जाणार नाही, आणि कामगारांची माहिती, म्हणजे पगार, आधार, आजारपणं, ही तर अजिबातच नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे, पण कायदा नसता तरी आमच्या माणसांचे पगार बाहेर गेलेले मला चाललं नसतं. आणि डायरी. रोज, हाताने, मराठीत लिहिली तरी चालेल.

मॅडमच्या संस्थेची पोर्टलवर नोंदणी होती, पण आम्हाला हव्या त्या कोर्ससाठी नव्हती. ती करून घेण्यात सहा आठवडे गेले. हे मी आधी तपासायला हवं होतं. एप्रिलमध्येच विचारलं असतं तर मुलं ऑगस्टऐवजी जुलैच्या सुरुवातीला आली असती. त्यात जुलैमध्ये राज्य सरकारच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा जीआर निघाला. बारावीला ६,०००, आयटीआय आणि डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० असं विद्यावेतन, सहा महिने, सरकारकडून. निवडलेल्या एका मुलाचे वडील विचारायला आले की ते घेऊ का हे घेऊ. मी त्यांना दोन्ही कागद समोर ठेवून समजावलं. ती योजना सहा महिन्यांच्या अनुभवाची, तिच्यात अप्रेंटिस कायद्याचा करार नाही आणि आम्ही ठरवलेला कोर्सही नाही. निर्णय तुमचा, म्हटलं. त्यांनी इथे पाठवलं.

वर्ष सुरळीत गेलं असं म्हणणार नाही. डोंबिवलीचा एक मुलगा तीन महिन्यांनी कॉल सेंटरला गेला; तिथे १८,००० मिळत होते आणि घरी कर्ज होतं. मी त्याला अडवलं नाही. एकीचा सरकारी वाटा चार महिने बँकेत येत नव्हता. तो २०२३ पासून थेट मुलांच्या खात्यात जमा होतो, आणि तिचं आधार जुन्या, बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं निघालं. मॅडम खरंच आजारी पडल्या, डिसेंबरमध्ये, तीन आठवडे. सहायकाने वर्ग घेतले, कारखान्यातल्या दोन फेऱ्या राहिल्या, त्या त्यांनी नंतर रविवारी येऊन भरून काढल्या. त्या रविवारी मीही गेलो होतो. कारखाना बंद, फक्त स्टोअरचा दिवा लावलेला, आणि तीन मुलं आणि मॅडम जुन्या ब्रेकडाउन रजिस्टरची पानं जमिनीवर पसरून बसलेली.

गोठिवलीच्या मुलीच्या डायरीत ऑगस्टचं पहिलं पान मामांच्या अक्षराचं आहे. तिने त्यांच्याकडून शून्य ते नऊ, प्रत्येक आकडा पाच-पाच वेळा लिहून घेतला, सावकाश लिहिलेला आणि घाईत लिहिलेला, आणि यंत्र कुठला कसा वाचतं ते शेजारी मांडलं. ९ च्या ओळीत पाचपैकी दोन लाल. त्यावरून तिने आणि मॅडमनी पद्धत बसवली: स्लिप वाचली की आकडा लगेच बिन कार्डच्या शिल्लकेशी जुळवायचा, जुळला नाही तर ती स्लिप वेगळ्या ट्रेमध्ये मामांकडे. रोज चार-पाच स्लिपा त्या ट्रेमध्ये पडतात. बाकीच्या दुपारच्या जेवणाआधी सिस्टिममध्ये असतात. पूर्वी त्या शनिवारपर्यंत लोंबकळायच्या. मामा पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होतायत. त्यांनी बेअरिंगच्या नावांची ती वही पूर्ण करून द्यायची ठरवलंय, कुठल्या कंपनीचं कुठलं अक्षर म्हणजे काय. ते सांगतात, ती लिहिते.

तिघांनीही मूल्यमापन पार केलं. दोघांना साहेबांनी ठेवून घेतलं, तिसऱ्याला महापेला नोकरी लागली.

यंदा सहा जागा मंजूर झाल्यात. संस्थेचा करार आपोआप पुढे चालू ठेवायचा नाही, असं मी साहेबांना सांगितलं आणि त्यांना ते पटलं. नौपाड्याला पत्र गेलंय, आणखी दोन संस्थांनाही. तिन्ही पत्रांत पहिली अट एकच आहे: जुन्या अप्रेंटिसच्या डायऱ्या आणा, नावं झाकून. नौपाड्याच्या पत्रात एक ओळ जास्त लिहिली आहे, डोंबिवलीच्या मुलाची तीन महिन्यांची अर्धी वहीसुद्धा.